बाहुलीचे कपडे घरी शिवणं : मापं, कापड, दागिने आणि तान्हा पोळ्याची झूल

सुईदोरा (धागाकर्ती, धरमपेठ)

घरातल्या तीन पिढ्यांनी मिळून बाहुलीचे कपडे शिवायचे असतील तर लागणारी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. पुण्या-मुंबईच्या धाग्यांवरचं सामान इथे नागपुरात कुठे मिळतं, आपल्या मेच्या उन्हात काय बिघडतं, मुलांच्या तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलाला काय चढवायचं, हेही यात येऊ द्या. सगळी मापं साडेअकरा इंची, म्हणजे साधारण २९ सेमी उंचीच्या बाहुलीची देते आहे, कारण १९५९ साली बार्बी आली तेव्हापासून हीच उंची बहुतेकांनी धरली आहे. ही बाहुली माणसाच्या एक षष्ठांश.

पण सगळी मापं सहाने भागली की कपडा तयार, असं होत नाही. लांबी-रुंदी सहाने भागली जाते, कापडाची जाडी तेवढीच राहते. आपल्या अंगावर जे कापड झुळझुळतं ते बाहुलीच्या अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात: कंबर जाड दिसते, गळा वर उचलतो, बाही खांद्यावर ताठ राहते. म्हणून चुण्या कमी, थर कमी, माया (शिलाईबाहेर सोडायचं जादा कापड) कमी.

कापड: मलमल, केंब्रिक, ब्लाउजच्या अस्तराचं टू बाय टू रुबिया. पॉपलीन चालतं, पण चुण्यांसाठी नाही. शर्टाचं सुती कापड जुनं, धुऊन मऊ पडलेलं असेल तर उत्तम. नक्षीचाही हिशोब ठेवा. अडीच सेमीचं फूल बाहुलीच्या जगात ४ मिमीचं होतं, त्यामुळे ५ मिमीपेक्षा मोठी बुट्टी घेतली की ती पडद्याच्या कापडासारखी दिसते. खणाची बुट्टी मुळातच बारीक असते, म्हणून परकर-पोलक्याला खण शोभतो.

कागदी आकृती काढायची सर्वांत खात्रीची रीत: बाहुलीच्या धडाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. वरून मास्किंग टेपचे छोटे तुकडे एकावर एक चढवत चिकटवा. पेनाने पुढची मधली रेघ, मागची मधली रेघ, कुशी, खांदा, मुंढा (बाही जोडायची जागा) आणि कंबर आखा. मागच्या रेघेवर कापून साल काढल्यासारखं काढा, मग कुशीत आणि खांद्यावर कापा. पुढचा तुकडा सपाट होत नाही, छातीशी फुगतो. कुशीकडून फुगवट्यापर्यंत एक चीर द्या. चीर जेवढी उघडते तेवढा टक्स (आकार देणारी चिमटी). तुकडे ब्राऊन पेपरवर ठेवून आखा आणि चारही बाजूंना ६ मिमी माया द्या. छातीच्या पूर्ण घेरात ६ ते ८ मिमी सैल ठेवा, नाहीतर मागचं बंद होणार नाही.

ढोबळ अंदाज हवा असेल तर छाती सुमारे १३ सेमी, कंबर ९, नितंब १३. २०१६ पासून बार्बीच्याच कंपनीच्या ठेंगण्या, उंच आणि भरलेल्या बांध्याच्या बाहुल्याही आल्या. भरलेल्या बांध्याच्या बाहुलीला नेहमीचा कपडा चढत नाही. तुमच्या हातातल्या बाहुलीवरच टेप लावा.

खणाचा परकर: २४ सेमी रुंद आणि १७ सेमी उंच तुकडा, काठ खालच्या बाजूला. काठ असल्याने खाली दुमड नको, एक थर वाचतो. वरच्या कडेला ४ मिमी टाक्याच्या दोन समांतर शिलाया घाला, एक कडेपासून ३ मिमीवर आणि दुसरी ७ वर. खालचे, म्हणजे बॉबिनचे, दोन्ही दोरे एकत्र ओढून तुकडा १० सेमीवर आणा. एकाच शिलाईवर चुण्या ओढल्या तर त्या कलंडतात आणि पट्टीत जाताना एकीकडे गोळा होतात. पट्टी ११.२ सेमी लांब आणि ३ सेमी रुंद. दोन्ही टोकांना ६ मिमी माया गेली की १० उरते: ९ कंबर आणि १ सेमी एकावर एक चढायला. मागची शिलाई खालून वर घालत या आणि वरचे ४ सेमी उघडे सोडा, नाहीतर परकर नितंबावरून चढणार नाही.

पोलकं: पुढचा भाग एक, मागचे दोन (प्रत्येकी १ सेमी जास्त), बाह्या दोन. अस्तर मलमलचं, फक्त धडाला. सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा आणि मागच्या दोन्ही कडा शिवा. गळ्याची माया ३ मिमीवर छाटा, दर ४ मिमीला कातरीचं टोक मारा, मग उलटवा. एवढ्या लहान गळ्याला पट्टी दुमडून बसवायला गेलं की तो मफलरसारखा उभा राहतो. त्यानंतर खांदे, आणि मग बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडायची. बाहीची खालची दुमड त्याच्याही आधी. सर्वांत शेवटी बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकच सलग शिलाई. माणसाच्या कपड्यासारखी गोल बाही गोल मुंढ्यात बसवायला जाऊ नका. ४ सेमीच्या भोकात मशीनचा पायच शिरत नाही.

---

मनीषनगरची

ताई, दोन अडचणी आहेत. बाही चढवताना बाहुलीचा अंगठा शिलाईत अडकतो. आणि वेल्क्रो लावलं की केस त्यात गुंततात. टिच बटण लावावं का?

---

शिलाई_मास्तर (महाल)

अंगठ्यासाठी बाहीचा घेर वाढवू नका. हातावर गुळगुळीत प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा किंवा पेनाचं टोपण घाला, बाही त्यावरून सरकवा, मग ते काढून घ्या. आतली माया सुटी असेल तर बोट त्या धाग्यांतच अडकतं. म्हणून बाहीच्या आतली माया ३ मिमी ठेवून कडेवर हाताने आडवे टाके घाला.

टिच बटण सगळ्यांत लहान आकाराचं घ्या. दोन बटणं पुरतात, एक गळ्याशी आणि एक कंबरेशी. मात्र लहान मूल ते ओढून उघडतं आणि मलमल फाटते. बटणाखाली आतून १ सेमीचा पेपर फ्यूजिंगचा तुकडा इस्त्रीने चिकटवा. प्रत्येक भोकात तीन टाके बस, सहा घातले की बटण बसतच नाही.

---

सुईदोरा

वेल्क्रो नको असं मी म्हणणार नाही, पाच-सहा वर्षांच्या मुलांना तेच जमतं. बाजारात मिळणारी २ सेमीची पट्टी उभी कापून ६ मिमीची करा. खरखरीत बाजू मऊ बाजूपेक्षा १ मिमी अरुंद कापा, म्हणजे बंद केल्यावर एकही आकडा बाहेर उघडा राहत नाही. खरखरीत बाजू वरच्या पल्ल्यावर, आत तोंड करून. खालच्या पल्ल्यावर लावली तर तिचं तोंड बाहेर येतं आणि पाठीवर सोडलेले केस थेट त्यावर पडतात.

---

शिलाई_मास्तर

ताई, इथे माझं मत वेगळं आहे. वरच्या पल्ल्यावर खरखरीत बाजू लावली आणि मुलाने पल्ला जरा तिरका बंद केला, की आकडे बाहुलीच्या पाठीला आणि आतल्या मऊ कापडाला ओरबाडतात. रेशमी अस्तर असेल तर त्याचे धागे निघतात. मी खालच्या पल्ल्यावरच लावायला सांगतो. कपडे बदलताना केसांना वर बांधून प्लास्टिकची टोपी घालायची सवय लावावी.

---

सुईदोरा

रेशमी अस्तराला तुमचं बरोबर आहे, मास्तर. सुती अस्तर आणि लांब केस असतील तर माझी रीत, केस आखूड असतील तर तुमची.

---

गोकुळपेठ_४४

मशीनवर पहिल्याच टाक्याला कापड खाली भोकात ओढलं जातं. सुई १६ नंबरची आहे. मशीन खराब आहे का?

---

शिलाई_मास्तर

मशीन ठीक आहे, सुई जाड आहे. मलमलला ९ किंवा ११ नंबर. १६ ची सुई कापड छेदत नाही, ढकलते. टाका दीड ते दोन मिमी ठेवा. नेहमीचा अडीच-तीन मिमीचा टाका ४ सेमीच्या वळणावर गोल न दिसता कोपऱ्या-कोपऱ्याचा दिसतो.

दुसरं कारण भोकाचं. झिगझॅगच्या मशीनला सुईखालची पट्टी आडव्या लांब भोकाची असते, त्यात कोपरा शिरतो. घरी आजीची जुनी काळी, फक्त सरळ शिलाईची मशीन असेल तर तीच काढा. तिचं भोक गोल आणि लहान असतं, या कामाला ती नव्या मशीनपेक्षा सरस आहे. हाताने फिरवायचं चाक असेल तर आणखी चांगलं, एकेक टाका मोजून घालता येतो.

तरीही ओढलं गेलं तर शिलाई दुसऱ्या चिंधीवर सुरू करा आणि न थांबता बाहुलीच्या कपड्यावर चढा. चिंधी नंतर कापून टाका. कापडाखाली बटर पेपरची पट्टीही चालते, शिवून झाल्यावर फाडून काढायची. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते.

शिलाई उघडून दाबायला इस्त्रीच्या टेबलाऐवजी लाटणं वापरा. त्यावर सुती कापडाचे दोन वेढे द्या, बाही किंवा पायजम्याची नळी त्यावर चढवा आणि इस्त्रीचं टोक फिरवा. बाहुलीच्या अंगावर कपडा असताना इस्त्री कधीच नाही. केस वितळतात.

---

रेशीमगाठ (इतवारी)

साडीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

साडेपाच मीटरची साडी सहाने भागली की ९२ सेमी. सव्वा मीटरच्या आतला पन्हा (कापडाची रुंदी) भागला की १९ ते २० सेमी. पन्हा २० घ्या, कारण कंबरेपासून जमिनीपर्यंत साधारण १७-१८ आणि दोनेक सेमी खोचायला. लांबी मात्र ७५ सेमीवर आणा. ९२ सेमी नेसवली तर कंबरेशी कापडाचे एवढे थर साचतात की बाहुलीच्या कंबरेला जणू टायर बांधलेलं दिसतं. सूत्र वर ताईंनी दिलंच आहे, जाडी भागली जात नाही.

निऱ्या चार, फार तर पाच. २ सेमी रुंद पुठ्ठ्याच्या पट्टीवर घडी घालत जा. कापड आधी तांदळाच्या पातळ खळीत बुडवून अर्धवट वाळवा, निऱ्या घालून वर-खाली टाचणी लावा आणि इस्त्री करा. पूर्ण वाळलेल्या कापडावर घडी टिकत नाही. पूर्ण ओल्यावर इस्त्री केली तर खळ इस्त्रीला चिकटून पिवळे डाग पडतात.

काठ: खरा तीन इंची काठ इथे सव्वा सेमीचा. १ ते १.२ सेमी रुंद जरीची लेस इतवारीच्या लेसवाल्यांकडे मिळते. लेस घेताना बोटावर गुंडाळून बघा. सहज गोल झाली तर घ्या. ताठ राहिली तर साडीचा खालचा घेर घंटेसारखा उभा राहील. दोन्ही काठांना लेस लावायची गरज नाही. वरचा काठ कंबरेत खोचला जातो, तिथे लेस म्हणजे आणखी एक थर. लेस फक्त खालच्या काठाला आणि पदराला.

जुनी करवतकाठी टसर साडी विरली असेल तर टाकू नका. तिच्या काठातले करवतीचे दात मुळातच लहान असतात. दातांची एकच ओळ उभी कापून बाहुलीच्या साडीचा काठ होतो. कापायच्या आधी कापायच्या रेघेवर फॅब्रिक ग्लूची केसाएवढी रेघ ओढून पूर्ण वाळू द्या. आधी कापलं आणि मग गोंद लावला तर तोवर दशा निघून अर्धा दात गेलेला असतो.

नऊवारी: सहाने भागून १३७ सेमी येते. ती तशी नेसवता येत नाही, दोन पायांमधून तेवढं कापड जातच नाही. शिवलेली नऊवारीच करा. भाग चार:

पायजमा: दोन तुकडे, प्रत्येकी १४ सेमी रुंद, १९ उंच, काठ खाली. वरून ६ सेमीपर्यंत आसनाची वाटी (दोन पायांमधल्या जोडाचा गोलसर काप), पुढे दीड सेमी खोल, मागे दोन. मागची वाटी पुढच्याएवढीच ठेवली तर बाहुली बसवताना शिलाई उसवते.

पुढच्या निऱ्या: १६ सेमी रुंद तुकडा, चार निऱ्या घालून वर २ सेमीत आणलेला, कंबरपट्टीत मधोमध.

काष्टा: ५ सेमी रुंद पट्टी, दोन्ही कडा आत दुमडून २ सेमीची, एका कडेला काठ. मागच्या कंबरपट्टीपासून आसनापर्यंत शिलाईवर हाताने टाकून घ्यायची, आसनाशी १ सेमी सैल सोडून. ही पट्टी मधल्या शिलाईवर येते, म्हणून कपड्याची उघडझाप मागे न ठेवता डाव्या कुशीत ठेवा.

पदर: ३० सेमी लांब. एक टोक उजव्या कुशीत कंबरपट्टीत, तिथून छातीवरून तिरपा डाव्या खांद्यावर. खांद्यावर तीन घड्या घालून एक टाका द्या. पोलक्यावर मात्र शिवू नका, छोटं टिच बटण लावा, म्हणजे पोलकं वेगळं धुता येईल.

सगळ्याच भागांना काठ लावायचा मोह होतो. पायजम्याच्या खाली, काष्ट्याला आणि पदराला काठ असला की नऊवारी ओळखू येते. निऱ्यांना लावलात तर पुढचा भाग फुगतो.

---

मनीषनगरची

लाल खणाचं पोलकं चार दिवस घातलेलं राहिलं, तर बाहुलीचं अंग गुलाबी झालं आहे. साबणाने निघत नाही. पुढच्या वेळी कापड मिठाच्या पाण्यात बुडवलं तर रंग पक्का होईल ना?

---

रेशीमगाठ

मीठ किंवा व्हिनेगरने रंगवून झालेल्या सुती कापडाचा रंग पक्का होत नाही, ताई. सुटा रंग पाण्यात निघून जाईपर्यंत धुणं एवढाच उपाय. शिवण्याआधी चाचणी करा: कापडाचा कोपरा ओला करा, पांढऱ्या रुमालात दाबून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर ते कापड बाहुलीच्या अंगाला थेट लावू नका. लाल, गडद निळा आणि काळा यांवर कधीच विश्वास ठेवू नका.

बाहुलीचं अंग मऊ विनाइलचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट द्रव्य कापडातला सुटा रंग ओढून घेतं, रंग आत शिरतो. त्यामुळे वरून साबण लावून काही होत नाही. उष्णतेने हे फार वेगाने होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा गडद कपडे घातलेली बाहुली खिडकीत किंवा बंद गाडीत ठेवू नका.

उपाय म्हणून पांढऱ्या पातळ मोज्याचा तुकडा अंगाला घालतात. ८ सेमीचा नळीसारखा तुकडा कापून हातांना दोन चिरा दिल्या की अस्तराचं काम होतं, आणि जाडीही वाढत नाही.

आत शिरलेल्या डागावर मुरुमांसाठी मिळणारं बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल चालतं, अडीच किंवा पाच टक्क्यांचं. फक्त डागावर लावा, वर प्लास्टिक फिल्म, सकाळच्या उन्हात तास-दीड तास, मग पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच वेळा करावं लागतं. चेहऱ्याच्या रंगाला आणि केसांना लागू देऊ नका, रंग उडतो. जास्त वेळ ठेवलं तर अंगावरच फिकट चट्टा पडतो. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून.

---

मोतीमाळ (बर्डी)

दागिन्यांचं मी सांगते. सर्वांत आधी एक इशारा: तांब्या-पितळेची तार बाहुलीच्या कानात किंवा नाकात टोचू नका. जुन्या बाहुल्यांच्या कानांभोवती हिरवे डाग दिसतात ते यामुळेच, धातू गंजतो आणि हिरवा रंग विनाइलमध्ये उतरतो. कानात काही घालायचंच तर स्टेनलेस स्टीलची पिन किंवा नायलॉनचा दोरा. नथ टोचण्यापेक्षा काढता येण्याजोगी करावी.

मणी ११ नंबरचे, म्हणजे साधारण २ मिमीचे, आणि नथीला १५ नंबरचे, दीड मिमीचे. ३ सेमीची खरी नथ इथे ५ मिमीची होते, तेवढ्यात पाच पांढरे मणी, एक लाल आणि एक हिरवा एवढेच बसतात. ०.३ मिमी स्टीलच्या तारेत ओवा, कोयरीसारखा बाक द्या, टोकाला तार स्वतःभोवती दोन वेढे घालून कापा आणि टोक आत वळवा. उघडं टोक राहिलं तर पदर फाटतो. नाकावर बसवायला मागे दुहेरी चिकटपट्टीचा २ मिमी तुकडा.

ठुशी: सोनेरी ११ नंबर मणी, तीन ओळी एकमेकींत गुंफून. साध्या दोऱ्यात ओवली तर गळ्यात ढिली लोंबते. पारदर्शक लवचीक दोऱ्यात ओवा, ७ सेमी पुरते, गाठीवर गोंदाचा थेंब.

मंगळसूत्र: काळे मणी आणि दोन वाट्या. वाट्यांसाठी ४ मिमीच्या खोलगट सोनेरी टिकल्या, उपड्या बसवून.

बांगड्या: बॉलपेनच्या स्प्रिंगचे वेढे एकेक कापायची कल्पना सगळ्यांना सुचते, पण टोकं टोचतात. त्याऐवजी हिरव्या पातळ रबरी नळीचे, म्हणजे विजेच्या वायरवरच्या सालीचे, १ मिमी रुंद गोल काप घ्या. हाताचा पंजा निघत असेल तर सरळ चढतात, नसेल तर एक चीर द्या.

---

गोकुळपेठ_४४

कोल्हापुरी चप्पल जमेल का? आणि संत्र्यांची टोपली करायची आहे.

---

मोतीमाळ

चप्पल: पाऊल कागदावर आखा, चारही बाजूंनी १ मिमी वाढवा. तळ २ मिमी फोमचा, वर तपकिरी रेक्झिन. अंगठ्याची आणि आडवी पट्टी ३ मिमी रुंद, रेक्झिनची. पट्टीची टोकं तळाच्या दोन थरांमध्ये दाबायची. वरून चिकटवली तर पहिल्याच दिवशी सुटतात. टाच उंच असलेल्या बाहुलीला सपाट चप्पल बसत नाही, आधी पाय बघा. गरम गोंदाची बंदूक चपलेला नको. गाडीत किंवा गच्चीवरच्या खोलीत तो गोंद उन्हाने मऊ होऊन तळ सरकतो. चप्पल चिकटवायचं रबरी सोल्युशन वापरा.

संत्र: खरं ७ सेमीचं, आपलं १२ मिमीचं. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी फेविकॉल, एक चमचा तेल, एक चमचा व्हिनेगर. मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा भांडं सोडू लागला की उतरवायचं. फार शिजवलं तर तडे जातात. हाताला तेल लावून मळा. वाळल्यावर हा गोळा दहा-पंधरा टक्के आक्रसतो, म्हणून १४ मिमीच्या गोळ्या करा. सालीची बारीक छिद्रं जुन्या दात घासायच्या ब्रशने टोचून, देठाची खळगी काडेपेटीच्या काडीने. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि देठाकडे जरा मानेसारखी वर येते. तेवढा उंचवटा केला की ओळखू येतं, नाहीतर मोसंबीच वाटते. रंग ओल्या गोळ्यात मिसळू नका, वाळल्यावर गडद होतो. वरून द्या, देठाशी थोडा हिरवा राहू द्या. पावसाळ्यात गोळे वाळायला तीनऐवजी सहा-सात दिवस धरा आणि रोज उलटा, नाहीतर तळाला बुरशी येते.

टोपली: सुतळीचा एक पदर सोडवून घ्या, बाटलीच्या बुचाभोवती गोंद लावत गुंडाळा.

---

रंधा (लाकूडकाम)

तान्हा पोळा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो, बोजारा (बैलाबद्दल मिळणारी भेट) मागायला पोरं दारोदार निघतात, आणि झुलीसाठी धावपळ नेहमी आदल्या रात्री. बाप्पा, आधीच करून ठेवा.

बैलाचं माप असं घ्या: मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, आणि एका बाजूच्या पोटाच्या मध्यापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या पोटाच्या मध्यापर्यंत रुंदी. समजा १५ आणि २२ सेमी. आधी वर्तमानपत्राचा तुकडा चढवून बघा. वशिंडाशी कागद उचलला जाईल, तिथे पुढच्या कडेपासून चीर द्या आणि वशिंड बाहेर काढा. वशिंड झाकणारी झूल दर पावलाला मागे घसरते.

कापड सॅटिनचं, अस्तर सुती. मखमल घेऊ नका, इतक्या लहान मापात कडा दुमडली की बोटभर जाड होते. अस्तर हवंच, कारण तेलरंग किंवा वार्निश नवीन असेल तर दमट हवेत सॅटिन त्याला चिकटतं. बैल रंगवून किमान आठवडाभर वाळू द्या.

सुलट बाजू समोरासमोर, तीन बाजू शिवा, कोपरे तिरपे छाटा, उलटवा, चौथी बाजू हाताने. मग १ सेमी गोटा (जरीची पट्टी). कोपऱ्यावर गोटा कापून न जोडता तिरपी घडी घालून वळवा, कापलेल्या जरीचे धागे थांबत नाहीत. ५ मिमीचे आरसे गोंदाने चिकटवून कडेने टाके द्यावेत, नुसत्या गोंदावर ठेवलेले आरसे रस्त्यात गळतात.

कोपरे वर वळतात ही सगळ्यांची तक्रार असते. गोटा ताठ आणि सॅटिन हलकं, म्हणून. प्रत्येक कोपऱ्यात ८ मिमीचं एक घुंगरू शिवा, वजनाने कोपरा खाली बसतो आणि आवाजही येतो. लोकरीचे गोंडे: काट्याच्या चमच्यावर २० वेढे, मधून दोऱ्याने आवळून, दोन्ही कडा कापून.

झुलीची खालची कड चाकापासून १ सेमी वर राहिलीच पाहिजे. गोंडे चाकात गेले की आसाला गुंडाळतात आणि बैल फरफटत जातो. बांधायला पोटाखालून रिबिनीच्या दोन जोड्या, एक पुढच्या पायांमागे, एक मागच्या पायांपुढे. एकच जोडी लावली की झूल गोल फिरते.

---

मनीषनगरची

हीच झूल शिवताना मुलांना काय द्यावं? एक चार वर्षांचा, एक सात आणि एक अकरा.

---

सुईदोरा

चार वर्षांच्याला कापडाचे रंग निवडू द्या, कागदी आकृतीभोवती खडूने रेघ मारू द्या. मणी, टिच बटण, आरसे त्याच्या हाती नकोत. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर ही कामं उंच टेबलावरच. बाहुलीच्या हातात वस्तू धरवायला लहान लोहचुंबक लावायची पद्धत आहे, ती घरी आणूच नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याला पकडून छिद्र पाडतात.

सातच्याला फेल्ट आणि बोथट, मोठ्या नाकाची सुई. फेल्टच्या दशा निघत नाहीत, म्हणून दुमड लागत नाही. पेनाने दर ५ मिमीला ठिपके द्या, धावदोरा ठिपक्यांतून. पहिली वस्तू म्हणून ६ बाय १२ सेमीची बाहुलीची उशी, कपडा नव्हे. कपडा बसला नाही की मूल हिरमुसतं, उशी नेहमी चालते. गोंडे करायचं कामही त्याचंच.

अकराच्याला उलटी टीप (प्रत्येक टाका मागे घेत घालायची शिलाई) शिकवा, दीड-दोन मिमीची. बाहीची सलग शिलाई हातानेही होते. हातमशीन असेल तर चाक तो फिरवेल आणि कापड मोठं माणूस धरेल, नंतर अदलाबदल. इस्त्री, कटर आणि गरम गोंद मोठ्यांकडे.

आजी-आजोबांना बारीक सुई ओवायचा त्रास होतो. सकाळीच दहा सुया ओवून टाचणीच्या गादीवर लावून ठेवा. क्रोशा येत असेल तर २० नंबरचा सुती दोरा आणि १.२५ मिमीची सुई घेऊन शाल आणि टोपी होते, जाड लोकर या मापाला चालत नाही.

---

इतवारी_फेरी

चिंध्या कुठे मिळतात?

---

रेशीमगाठ

गांधीबाग-इतवारीच्या ठोक बाजारात पूर्ण ताग्याचा व्यवहार चालतो, तिथे वीतभर कापड मागू नका. ब्लाउज शिवणाऱ्या टेलरकडे अस्तराच्या आणि खणाच्या कात्रणांची पिशवी पडलेली असते, ती विचारा. घेताना १५ बाय २५ सेमीपेक्षा लहान तुकडे वेगळे करा, त्यांतून फक्त बाह्या आणि पट्ट्या निघतात. आणि कापायच्या आधी सगळं धुऊन घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटतं. आपल्या कपड्यात ते खपतं, ९ सेमीच्या कंबरेत ३ मिमी गेले की बटण लागत नाही.

---

गोकुळपेठ_४४

सुई ११ नंबरची लावली, टाका दीडवर आणला, चिंधीवरून सुरुवात केली. कापड ओढलं जाणं थांबलं. आता मुंढ्याच्या वळणावर शिलाईजवळ बारीक चुण्या पडताहेत.

---

शिलाई_मास्तर

वरचा दोरा घट्ट आहे, ताणाची चकती अर्ध्या आकड्याने सैल करा. तरी पडल्या तर मुंढ्याच्या मायेत टोकं मारायची राहिली असतील. वळणावर दर ४ मिमीला एक, शिलाईच्या १ मिमी अलीकडे थांबून.